राजदूत ३५० वर एकच कार्बोरेटर : वाय-मॅनिफोल्डची घडण आणि दोन्ही सिलिंडरांतली समान वाटणी

गाडी आणि तक्रार

राजदूत ३५० म्हणजे यामाहाच्या आरडी ३५० वरून एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली ३४७ सीसीची टू-स्ट्रोक. बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. दोन पिस्टन १८० अंशांच्या फरकाने चालतात : एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा रीड व्हॉल्व्ह (हवा आत सोडणारी, परत न जाऊ देणारी पाकळ्यांची झडप), स्वतःचा पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा), स्वतःची कॉइल आणि स्वतःचा २८ मिमी तोंडाचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). या प्रकरणातली गाडी लो-टॉर्क, म्हणजे कमी ताकदीच्या प्रकारची. मालक नागपूरचा, रोज शहरातून हिंगणा एमआयडीसीत जाणं-येणं आणि क्वचित वर्धा रोडने बाहेरगावी, एवढाच वापर.

तक्रार जुनीच होती. स्लो (मूठ सोडल्यावरची इंजिनाची किमान चाल) धरत नाही, आज दोन्ही कार्बोरेटर जुळवले की दोन दिवसांत पुन्हा बिघडतात, सिग्नलला गाडी एका सिलिंडरवर येते. उघडून पाहिल्यावर कारण दिसलं : दोन्ही स्लाइड (कार्बोरेटरचं तोंड उघडणाऱ्या-झाकणाऱ्या, वर-खाली सरकणाऱ्या झडपा) आणि त्या ज्या घरात चालतात ती घरं घासली होती. स्लाइड बोटाने हलवली की खडखड वाजायची. थ्रॉटल बंद असतानाही स्लाइडच्या बाजूने हवा आत जात असेल तर एअर स्क्रू (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) कितीही फिरवा, उपयोग होत नाही. मूळ जोडी चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड आणि महाग. म्हणून मालकाने विचारलं, एकाच नव्या कार्बोरेटरवर दोन्ही सिलिंडर चालतील का?

चालतील, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये दोन पाय फुटणारी वाय आकाराची नळी, म्हणजे वाय-मॅनिफोल्ड, बसवली की. जावा-येझ्दीच्या दोन सिलिंडरच्या ३५० ला तर कारखान्यातूनच एक कार्बोरेटर असे. पण एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगायला हवी : आरडीचे दोन्ही कार्बोरेटर धड असतील तर त्यांना हात लावू नये. एक कार्बोरेटर लावल्याने ही गाडी जास्त पळत नाही; वरच्या आरपीएमला थोडी मंदच होते. मिळतं ते इतकंच की जुळवणीची कटकट संपते, स्लो स्थिर राहतो आणि सुटे भाग सहज सापडतात. शहरात चालणाऱ्या गाडीला तेवढं पुरेसं आहे.

हिशेब : कार्बोरेटर केवढा, पाय केवढे

दोन २८ च्या जागी एक घ्यायचा तर दुप्पट क्षेत्रफळाचा, म्हणजे जवळपास ४० मिमीचा हवा, असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. दोन पिस्टन आळीपाळीने ओढतात. डावा सिलिंडर हवा घेतो तेव्हा उजवा बहुतेक वेळ थांबलेला असतो, मग उजव्याची पाळी. मूळ मांडणीत प्रत्येक कार्बोरेटर अर्धा वेळ रिकामा बसतो. एकाच कार्बोरेटरला दोघांनी मिळून ओढलं की तो सतत कामाला लागतो.

७००० आरपीएम आणि ७० टक्के भरणी (सिलिंडर आपल्या मापाच्या ७० टक्केच हवेने भरतो असं) धरली तर इंजिन मिनिटाला सुमारे १७०० लिटर, म्हणजे सेकंदाला २८ लिटर हवा घेतं. २८ मिमीच्या एकाच तोंडातून (६१६ चौरस मिमी) ती जायची तर वेग सेकंदाला ४६ मीटर होतो, ३० मिमीला (७०७ चौरस मिमी) ४०, आणि ३४ मिमीला (९०८ चौरस मिमी) ३१. मूळ गाडीत प्रत्येक २८ मधून निम्मी हवा निम्म्या वेळात जाते, म्हणजे ओढ चालू असताना तिथला वेगही साधारण ४६ च्याच घरात असतो. कागदावर पाहता एक २८ सुद्धा भागवू शकला असता. पण रीडची पाकळी अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त वेळ उघडी राहते, दोन्ही ओढींची टोकं एकमेकांवर चढतात, तेवढ्यासाठी थोडी जागा जास्त लागते. म्हणून या कामात ३० मिमीचा गोल स्लाइडचा, मिकुनी कंपनीच्या व्हीएम कार्बोरेटरच्या घडणीचा कार्बोरेटर घेतला. सगळी ताकद राखायची असेल तर ३४ बरोबर. मात्र त्यात हवेचा वेग कमी, त्यामुळे खालच्या आरपीएमला पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि शहरातल्या चालीत पिकअप अडखळतो.

हाच हिशेब मॅनिफोल्डच्या पायांनाही लागू होतो, आणि इथे जास्त लोक फसतात. एका नळीतून दोन फाटे काढायचे म्हणून प्रत्येक फाटा अर्ध्या क्षेत्रफळाचा ठेवला जातो. पण ज्या क्षणी डावा ओढतो त्या क्षणी जवळजवळ सगळी हवा डाव्याच पायातून जाते. पाय अर्धा केला की इंजिनाचा गळा आवळला जातो. प्रत्येक पाय जवळपास पूर्ण मापाचा हवा. इथे पाय २८ मिमी आतल्या व्यासाचे ठेवले : रबरी बूट (कार्बोरेटर इंजिनाला जोडणारी रबरी बाही) आणि रीडचं तोंड त्याच मापाचं असल्यामुळे पायरीही राहत नाही.

हे सगळं जमतं कारण आरडीतल्या दोन्ही ओढींमधलं अंतर सारखं आहे, दर १८० अंशांनी एक. १८० अंशी क्रँकच्या फोर-स्ट्रोकमध्ये ओढी १८० आणि ५४० अंशांच्या अंतराने येतात, २७० अंशी क्रँकमध्ये २७० आणि ४५० अंशांच्या. तिथे लागोपाठ येणाऱ्या दोघांपैकी एकाला मिश्रण वेगळं मिळतं आणि हा वाय जसाच्या तसा उचलून लावता येत नाही.

आकार

वाय घडवताना एक अट सुरुवातीलाच ठरवली : तो एकाच सपाट पातळीत आणि डावी-उजवीकडे तंतोतंत सारखा असावा, म्हणजे उलटा करून बसवता येईल. डावा पाय उजव्या बुटात, उजवा डाव्यात. पुढे बिघाड शोधताना या अटीने सगळ्यात मोठं काम केलं, त्यामुळे ती कुणी गाळू नये.

मूळ रबरी बूट तसेच ठेवले. मॅनिफोल्डची दोन टोकं जुन्या कार्बोरेटरच्या तोंडासारखी घडवली की ती त्याच बुटात बसतात, त्याच क्लॅम्पने आवळता येतात, इंजिनाचं कंपन आणि उष्णता रबरातच अडते आणि मापातला थोडा फरक रबर सांभाळून घेतं. सरळ रीडच्या प्लेटवर लोखंडी फ्लँज ठोकून देणारे असतात. तसं करू नये. कार्बोरेटर थरथरतो, बाऊलमधल्या (कार्बोरेटरखालच्या वाटीतल्या) पेट्रोलला फेस येतो.

दोन्ही बुटांच्या मध्यांमधलं अंतर इंजिनावरूनच, व्हर्नियरने घ्यायचं. त्याला ‘अ’ म्हणू. पाय अक्षापासून ३० अंशांनी फाकवले तर प्रत्येक पायाची लांबी ‘अ’ एवढीच होते आणि कार्बोरेटर ०.८७ ‘अ’ इतका मागे जातो. ४५ अंशांनी फाकवले तर पाय ०.७१ ‘अ’ आणि मागे सरकणं फक्त ०.५ ‘अ’. उदाहरणादाखल ‘अ’ १२० मिमी धरला तर पहिल्यात कार्बोरेटर १०४ मिमी मागे जातो, दुसऱ्यात ६०. हवेला ३० अंश आवडतात यात शंका नाही. पण मागे एअर बॉक्स (हवेच्या फिल्टरची पेटी) आहे, आणि पाय लांब झाले की स्लाइड आणि रीड यांच्यामधली कोंडलेली जागा वाढते व थ्रॉटलला प्रतिसाद सुस्त होतो. म्हणून ४५ अंश घेतले.

कार्बोरेटरच्या तोंडापासून दोन पाय फुटतात त्या धारेपर्यंत सरळ नळी ४५ मिमी, म्हणजे कार्बोरेटरच्या व्यासाच्या दीडपट. ती याहून फार आखूड केली तर धार थेट स्लाइडच्या तोंडाशी येते आणि नीडलच्या (स्लाइडला लोंबणाऱ्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुईच्या) भोवतालून उडणारा पेट्रोलचा फवारा नीट पसरण्याआधीच फुटतो. स्लाइडचा कार्बोरेटर इथे सोयीचा आहे : स्लाइड उभी उचलली जाते, फाटे आडवे आहेत, त्यामुळे अर्ध्या थ्रॉटललाही डाव्या-उजव्यात भेद होत नाही. फुलपाखरी झडपेचा कार्बोरेटर लावायचा असेल तर झडपेचा दांडा आडवा, दोन्ही सिलिंडरांच्या ओळीला समांतर ठेवावा. उभा ठेवला तर अर्धवट उघडी झडप सगळा झोत एका पायाकडे वळवते.

सामान आणि कापणी

पोलादी पाइप स्वस्त आणि वेल्डिंगला सोपा. पण ३४ मिमी बाहेरचा व्यास आणि २ मिमी जाडीचा ३० सेंमी पोलादी पाइप जवळपास पावणेपाचशे ग्रॅम भरतो. तेवढाच ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा २४० ग्रॅमच्या आत. हे सगळं वजन, वर कार्बोरेटर, दोन जुन्या रबरांवर लोंबणार. म्हणून ॲल्युमिनियम. इतवारीत भंगाराच्या भावात पाइप मिळतो, पण मिश्रधातू कोणता ते सांगता येत नाही आणि ओतीव तुकडा निघाला तर वेल्डला भेगा पडतात. ६०६३ जातीच्या ॲल्युमिनियमचा नवा पाइप घ्यावा : ३४ मिमी बाहेर, २८ आत. टोकांच्या दोन मुंड्या आणि कार्बोरेटरकडची नळी यांच्यासाठी त्याच जातीचा ४० मिमीचा गोल बार.

मुंड्या लेथवर उतरवताना जुन्या कार्बोरेटरचं तोंड समोर ठेवावं : बाहेरचा व्यास, बुटात अडकणारी कड, आत जाणारी लांबी, सगळं त्यावरून. आतून २८. कार्बोरेटरकडची नळी आतून ३०, बाहेरून कार्बोरेटरच्या तोंडाइतकीच, म्हणजे दोघांवर एकच रबरी बाही सरळ बसते. ही बाही पेट्रोल सोसणाऱ्या नायट्राइल रबराचीच हवी. रेडिएटरच्या पाइपचा तुकडा कापून लावलेला बऱ्याच गाड्यांवर दिसतो. ते रबर पेट्रोलने फुगतं, मऊ पडतं आणि क्लॅम्पखालून हवा ओढायला लागतं.

६०६३ चा टणक पाइप थंड वाकवला तर बाहेरच्या अंगाला फाटतो, म्हणून वाकवण्याऐवजी तिरके काप घेतले. बुटाकडे पाय ४५ अंशांनी वळतो, तिथे पाय आणि मुंडी दोघांनाही २२.५ अंशांचा काप. नळीकडे प्रत्येक पायाला बाहेरच्या अंगाने २२.५ अंशांचा काप, आणि दोन पाय मधोमध एकमेकांना भेटतात त्या अंगाने ४५ अंशांचा. हे दोन ४५ चे काप जिथे मिळतात तीच धार. ती आतून फाइलने पातळ आणि सरळ करायची. बोथट धारेवर पेट्रोल साचतं आणि थेंबाथेंबाने ज्या बाजूला उतार असेल तिकडे जातं.

वेल्डिंग इंजिनावर करायचं नाही. ८ मिमीची लोखंडी प्लेट घेऊन तिच्यात ‘अ’ अंतरावर दोन खुंट्या ठोकल्या, मुंड्या त्यांवर बसवल्या आणि तिसरी खुंटी बरोबर मधल्या रेषेवर कार्बोरेटरच्या नळीसाठी. ॲल्युमिनियम थंड होताना आखडतं आणि दोन्ही पाय आत ओढले जातात. जिगमधून (खुंट्यांच्या या साच्यातून) गरम असतानाच काढलं की ‘अ’ मध्ये एक-दोन मिमी फरक हमखास पडतो. आधी सगळीकडे टाके, मग एक टाका डावीकडे, एक उजवीकडे असं करत शिवण पूर्ण, आणि पूर्ण गार होईपर्यंत जिगमध्येच. आर्गन वेल्डिंग एसीवर, ४०४३ ची २.४ मिमी काडी, त्याआधी ॲसिटोनने पुसून स्टेनलेसच्या ब्रशने घासलेलं. हा ब्रश लोखंडावर कधीही वापरलेला नसावा.

गार झाल्यावर तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने १० पीएसआय हवा भरून बादलीत बुडवायचं. शिवणीवर एक बुडबुडाही चालत नाही.

तेल, केबल, पेट्रोल, हवा

ऑटोल्यूबच्या (इंजिनाला आपोआप तेल पुरवणाऱ्या यंत्रणेच्या) पंपातून दोन नळ्या निघतात, एकेका सिलिंडरच्या इनटेक मार्गात तेल सोडणाऱ्या. या दोन्ही एकत्र करून वायच्या आधी तेल सोडणं सोपं वाटतं, पण जाड तेल हवेबरोबर तरंगत जात नाही. ते नळीच्या तळाने वाहतं आणि गाडी ज्या बाजूला कलेल त्या पायात उतरतं. एका सिलिंडरला धूर, दुसऱ्याचा पिस्टन कोरडा. म्हणून प्रत्येक पायाला मुंडीजवळ, वरच्या अंगाला स्वतंत्र ४ मिमीची पितळी नळी बसवली. सुरुवातीच्या चाचण्यांत पंप चालू असूनही टाकीत लिटरला २० मिली तेल घातलेलं ठेवावं. नळ्यांतले हवेचे बुडबुडे निघाले आणि दोन्हीकडे थेंब सारख्या गतीने पडतात हे डोळ्यांनी पाहिलं, की मगच ते बंद.

मूठ फिरवली की मूळ केबल दोन्ही कार्बोरेटर आणि तेलाचा पंप अशा तिघांना ओढते. एक फाटा काढून टाकला. ३० च्या कार्बोरेटरची स्लाइड २८ पेक्षा जास्त उचलावी लागते, म्हणून पूर्ण मूठ फिरवल्यावर स्लाइड तोंडातून संपूर्ण बाहेर जाते ना, हे एअर बॉक्सच्या बाजूने बघावं. आधी कार्बोरेटरच्या केबलची ढिलाई ठरवायची, नंतर पंपाच्या चकतीची खूण जुळवायची. उलट्या क्रमाने केलं की तेलाचं प्रमाण सरकतं.

टाकीच्या कॉकमधून येणाऱ्या दोन पेट्रोल नळ्या टी-जोडाने एक केल्या आणि सिलिंडरच्या पंखांपासून (गार करणाऱ्या फिनपासून) लांबून नेल्या. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सिलिंडरला टेकलेल्या नळीत पेट्रोल उकळतं. पाच मिनिटं उभी राहिलेली गाडी मग किक घेत नाही. एअर बॉक्स ठेवलाच. त्याची दोन तोंडं प्लेटने बंद करून मधोमध एक तोंड काढलं. कार्बोरेटरच्या पाठीला थेट उघडा फिल्टर लावला तर धूळ, पाऊस आणि जेटिंग (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रांची, म्हणजे जेटची, निवड) असे तिन्ही त्रास एकदम मागे लागतात. शिवाय बॉक्सचं रबर कार्बोरेटरची मागची बाजू उचलून धरतं.

बसवताना पुढे-मागे थोडा उतार चालतो, १५ अंशांपर्यंत. डावी-उजवीकडे मात्र अजिबात नाही. लेव्हल ठेवताना गाडी मधल्या स्टँडवर, सपाट फरशीवर असावी. साइड स्टँडवर लावून जुळवलेला कार्बोरेटर रस्त्यावर वाकडा असतो.

पहिली चाचणी आणि दोन बिघाड

चाचणीआधी कॉम्प्रेशन दोन्हीकडे मोजलं (फरक १० पीएसआयच्या आत), पॉइंटची टायमिंग डायल गेजने दोन्हीकडे सारखी केली, रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून तपासल्या आणि दोन्हीकडे नवे बी८एचएस प्लग घातले. हे आधी करायला हवं, नाहीतर नंतर दिसणाऱ्या प्रत्येक फरकाचं खापर मॅनिफोल्डवर फुटतं.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली, स्लो धरला. जामठ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर चालवून, क्लच दाबून लगेच इग्निशन बंद केली आणि तिथेच प्लग काढले. मेकॅनिकने निदान एका वाक्यात सांगितलं : “डावा पांढरा येऊन राहिला, अन् उजवा काळाच.” टू-स्ट्रोकमध्ये पांढरा प्लग म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडतंय, तो तापतोय आणि पुढची पायरी सीझ, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसणं. इथून पुढे लांब चाचणी नाही.

प्लग अदलाबदल केले. फरक पडला नाही. मग मॅनिफोल्ड उलटा करून बसवला. त्यासाठी तेलाच्या नळ्या बंद करून टाकीत लिटरला ४० मिली तेल मिसळलं. सपाट, सारखा वाय असल्यामुळेच हे शक्य झालं. दोष मॅनिफोल्डबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर तो मॅनिफोल्डमध्ये. जागच्या जागी राहिला तर इंजिनात.

निकाल अर्धा-अर्धा आला. आता उजवा पांढरा झाला, म्हणजे मॅनिफोल्ड दोषी. पण डावा जितका तपकिरी यायला हवा होता तितका आला नाही, फिकटच राहिला. एकावर एक चढलेले दोन दोष होते.

मॅनिफोल्ड कापून पाहायची गरज पडली नाही. २६ मिमीची पोलादी गोळी एका पायातून आरपार गेली, दुसऱ्यात मुंडीजवळच्या शिवणीवर अडली : वेल्डचा ओघळ आत आला होता. शिवाय मधली धार त्याच पायाकडे दीड मिमी सरकली होती. दोन्ही कारणं एकाच पायाला मारक. हवा थोडीशीच कमी होते, पण पेट्रोलचे थेंब जड, ते वळणावर वळत नाहीत. धार सरकली की भिंतीवरून वाहणारं पेट्रोल मोठ्या तोंडात जास्त जातं. एका बाजूला पेट्रोलची भर, दुसऱ्याला तूट, म्हणूनच प्लगचा फरक हवेच्या फरकापेक्षा खूप मोठा दिसतो. डाय ग्राइंडरने ओघळ काढला, धार मध्यावर आणली, दोन्ही तोंडांची रुंदी व्हर्नियरने सारखी केली, आणि मॅनिफोल्ड पुन्हा सरळ बसवला. आतला पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करू नये. ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा खरखरीतपणा पेट्रोलचा पातळ थर धरून ठेवतो आणि त्याचं पुन्हा बाष्प होतं.

दुसरा दोष शोधायला दाब चाचणी. दोन्ही एक्झॉस्ट रबरी बुचांनी बंद, कार्बोरेटरच्या जागी बूच, तेलाच्या नळ्या बंद, आणि एका बुचातून जुन्या रक्तदाब यंत्राचा फुगा व डायल जोडलेला. टू-स्ट्रोकची चाचणी साधारण ६ पीएसआयवर करतात. डायलवर ते ३०० मिमीच्या जवळ येतं. त्याहून जास्त भरलं तर धड असलेले सीलही उलटतात. दाब सहा मिनिटं टिकायला हवा, मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. इथे तो सरसर उतरत होता. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे डावीकडे, अल्टरनेटरच्या मागच्या क्रँक सीलपाशी (क्रँकच्या दांड्याभोवतीच्या हवाबंद रबरी कड्यापाशी) आले. हा सील कोरड्या बाजूचा; तो गेला की बाहेरची हवा क्रँककेसमध्ये ओढली जाते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. (उजवा सील क्लचच्या बाजूचा, तो गेला तर गिअरचं तेल ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून दाट धूर येतो, चित्र अगदी वेगळं दिसतं.) सील बहुधा जुन्या कार्बोरेटरांच्या काळापासूनच फुटलेला होता आणि जुळवणी न टिकण्यात त्याचाही वाटा असावा. सील बदलल्यावर दाब टिकला आणि दोन्ही प्लग सारख्या तपकिरी रंगावर आले.

पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोलची तूट

अर्ध्या थ्रॉटलला सगळं छान, पण पूर्ण थ्रॉटल काही वेळ धरला की टाकी रिकामी झाल्यासारखी गाडी गचके देऊ लागे. मूठ सोडली की लगेच ठीक. मेन जेट (पूर्ण थ्रॉटलचं पेट्रोल मोजणारा) वाढवूनही फरक नव्हता, कारण पेट्रोल जेटपर्यंत पोचतच नव्हतं. दोन कार्बोरेटरांना दोन फ्लोट व्हॉल्व्ह (बाऊल भरला की पेट्रोल अडवणाऱ्या झडपा) होते. आता सगळं पेट्रोल एकाच पिनच्या सीटमधून येतं. पूर्ण ताकदीला या इंजिनाला मिनिटाला सव्वादोनशे मिलीच्या आसपास पेट्रोल लागतं. बाऊल काढून, फ्लोट खाली लोंबू देऊन, कॉक उघडून एक मिनिट मोजपात्रात पेट्रोल धरलं. ते २०० मिलीही भरलं नाही. कॉकची जाळी साफ केली आणि मोठ्या भोकाची सीट व पिन बसवली. ३०० मिलीच्या वर गेल्यावर गचके थांबले. मोजणी करताना टाकीत पेट्रोल थोडंच ठेवावं. भरलेल्या टाकीचा दाब फसवतो. आणि हे काम गार इंजिनावर, उघड्यावर, जवळ ठिणगी नसताना करायचं.

जेटिंग आणि हंगाम

नव्या कार्बोरेटरमधल्या मेन जेटवर वीस क्रमांक चढवून सुरुवात केली, मुद्दाम जाड. पातळ मिश्रणाने पिस्टन जातो, जाडने फक्त प्लग काळा होतो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन बुडबुडत असेल तर पाच-पाच क्रमांकांनी उतरत यायचं. अर्ध्या थ्रॉटलला नीडलची क्लिप : खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण जाड होतं. स्लोला पायलट जेट आणि एअर स्क्रू. स्क्रू बाहेर काढला की पातळ. स्क्रू अडीच फेऱ्यांपेक्षा बाहेर ठेवल्यावरच स्लो सुधारत असेल तर पायलट एक नंबर लहान हवा. क्रम वरून खाली ठेवावा, मेनपासून. पीयूसीला १९८० च्या दशकातल्या या गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आत लागतो. एअर स्क्रू नीट असेल तर अडचण येत नाही.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त हवं. जुन्या काळच्या जेटचे आकडे कुणी कागदावर लिहून ठेवले असतील तर ते आज पातळ पडतात. हेच पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि बुटांनाही कडक करतं, त्यामुळे बूट वाकवून भेगा बघायची सवय ठेवावी.

नागपुरात सगळ्यात मोठा फटका ऋतूचा बसतो. मेच्या दुपारी ४५ अंशांना हवा जितकी जड असते त्यापेक्षा डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना ती १२ टक्क्यांनी जास्त जड असते. कार्बोरेटर हा फरक पूर्ण भरून काढत नाही. मिश्रण सुमारे सहा टक्क्यांनी पातळ होतं. मेमध्ये अगदी नेमका बसवलेला मेन जेट त्यामुळे थंडीतल्या मोकळ्या रस्त्यावर धोक्याच्या हद्दीत येतो. या गाडीला उन्हाळ्याचा जेट आणि त्याहून दहा क्रमांकांनी मोठा हिवाळ्याचा, असे दोन ठरवून दिले. मोठा दिवाळीला चढवायचा, होळीनंतर उतरवायचा. बदलल्यावर दर वेळी दोन्ही प्लग शेजारी ठेवून पाहायचे. ते दोघे मिळून फिकट झाले तर जेटकडे बघावं, एकच फिकट झाला तर आधी बुटाचे क्लॅम्प आवळून, मग फुगा-डायल काढून त्या बाजूची गळती शोधावी.